बुलेटवरचं क्रोम गंजलंय, कमी खर्चात काळं करता येईल का? घरचे म्हणतात, गाडीची शान जाईल.

येतं की. आणि शान कसली जातेय! मी वरळी कोळीवाड्यात राहते, बाबांची जुनी बुलेट चालवते आणि तुमच्या घरात आत्ता जो वाद चालू आहे तो आमच्याकडे कित्येक वर्षं चालला. म्हणून लिहायला बसले.

काकांचं पालुपद ठरलेलं: क्रोम गंजतं ते आळशी माणसाच्या गाडीवर, रोज फडकं मारलं की काही होत नाही. त्यांची स्वतःची गाडी पुण्यात उभी असते. तिथे कुठला आलाय खारा वारा? मी रोज सकाळी गाडी पुसायचे, पावसाळ्यात कामावरून आल्यावरसुद्धा. तरी लेग गार्डवर पुळ्या उठल्याच. क्रोमचा थर बहुतेक वेळा एक मायक्रॉनसुद्धा जाड नसतो आणि त्यात नजरेला न दिसणाऱ्या भेगा असतात. लोखंडाला खरं सांभाळतं ते त्याखालचं निकल. समुद्राच्या हवेतलं मीठ निकलच्या बारीक छिद्रांतून खाली पोचलं की गंज आतून फुगतो आणि वरचा पापुद्रा उचलतो. फडकं फिरतं वरून. त्याचा इथे काय उपयोग?

हे काकांना पटलं नाही. "दादाच्या गाडीला काळं फासणार का?" म्हणाले आणि लेग गार्ड न् हँडल स्वतःच्या पैशाने पुन्हा क्रोम करून आणलं. घरी आलं तेव्हा आरशासारखं चमकत होतं, खोटं कशाला बोलू. पण कारागिराने जुने खड्डे पुरते न घासताच वर थर चढवला होता. पुढचा पावसाळा संपेपर्यंत गंज बरोबर त्याच जागी बाहेर आला. त्यावर काका काय म्हणाले? "तू पुसलं नसशील." हे वाक्य मला अजून लागतं.

त्या हिवाळ्यात मी दोन्ही भाग उतरवले आणि चाळीच्या गॅलरीत स्वतः काळे केले. सगळा जोर घासण्यावर दिला. जिथे क्रोम सुटलं होतं तिथे थेट लोखंडापर्यंत गेले. जिथे घट्ट होतं तिथे ३२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासलं, कारण गुळगुळीत क्रोमवर कुठलाच रंग धरत नाही, महिन्याभरात नखाने निघतो. मग थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर, त्यावर सॅटिन काळ्याचे पातळ हात, शेवटी क्लिअर लॅकर. चकचकीत काळा मारू नका, त्यात प्रत्येक ओरखडा दिसतो.

पुढे माहीमला एका टेम्पोने लेग गार्ड खरवडला. मी तेवढाच तुकडा घासला, प्रायमर मारला, रंग मारला, रविवारच्या जेवणाआधी काम संपलं. क्रोमचं असं होत नाही. टिचभर खराब झालं तरी अख्खा भाग पुन्हा टाकीत बुडवावा लागतो. गाडीची काळजी घेणं म्हणजे तिला स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येईल अशी ठेवणं, असं मी मानते. ज्यांना चमक हवी त्यांनी खुशाल ठेवावी, पण समुद्राकाठच्या माणसाला आळशी म्हणू नये. तुमच्या घरी कोणी तसं म्हणालंच तर त्यांना लेग गार्डच्या खालच्या बाजूने बोट फिरवायला सांगा.

आता पैशांचं. दोन-चारशे रुपयांचे स्प्रेचे डबे कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतील. हँडल, लेग गार्ड, स्टँड यांना पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड फवारून भट्टीत भाजणं, जास्त टिकतं. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये विचारा, मात्र आधी ब्लास्टिंग करायला (वाळूसारख्या कणांचा मारा करून जुना थर काढायला) आणि आटे झाकायला बजावून सांगा. नाहीतर बोल्ट बसणार नाहीत. रिमच्या नादी सुरुवातीला लागू नका. आरे उतरवा, परत ताणा, आउट काढा (चाक डगमगणार नाही असं सरळ करा), यात बजेटची वाट लागते.

सायलेन्सरला साधं पावडर कोटिंग चालत नाही, इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाईपाजवळ ते जळतं. तिथे सहाशे अंशांपर्यंत टिकणारा हीट पेंटच मारा. तो वाळला तरी कच्चाच असतो. इंजिन थोडा वेळ चालवून थंड होऊ द्यायचं, मग जास्त वेळ, असं करत तो पक्का होतो.

भट्टीत द्यायच्या आधी प्रत्येक भागाला लोहचुंबक लावून बघा. काही गाड्यांत इंडिकेटर, हेडलाइटची रिंग हे क्रोम चढवलेलं प्लॅस्टिक असतं आणि भट्टी तापते १८०-२०० अंशांना. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यांना अजिबात हात लावू नका, तिथे रंग मारला तर ऑइल सील फाटेल. क्रोम कोरडं घासू नका, ग्राइंडर तर नकोच, आणि तोंडावर चांगला मास्क हवा. पेट्रोलच्या टाकीचा रंगही बदलणार असाल तर आरसी बुकात नोंद करावी लागेल. आणि हे सगळं दिवाळीनंतर करा. पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला की काळ्यावर पांढुरकी झाक येते आणि पुन्हा घासायला बसावं लागतं.