मोतीबिंदू कडक झालाय, मग फेको की एसआयसीएस?

प्रश्न : आईचं वय ७६. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्यातला फार कडक झालाय म्हणून डॉक्टर एसआयसीएस करू म्हणतात. मावशीचं ऑपरेशन फेकोनं झालं होतं आणि ओळखीचे तर ‘लेसरनंच करा’ म्हणून मागे लागलेत. आईची जुन्या पद्धतीवर बोळवण होतेय का?

उत्तर : नाही. असा डोळा माझ्याकडे आला, तर बहुधा मीही हेच सुचवेन.

फेकोमध्ये जेमतेम अडीच मिलिमीटरच्या छेदातून बारीक सुई आत जाते, अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंग फोडते आणि चुरा ओढून घेते. मोतीबिंदू मऊ असेल तर याला तोड नाही. पण तपकिरी, दगड झालेला गाभा फोडायचा तर कंपनं वाढवावी लागतात आणि त्याची झळ कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थराला बसते. त्या थरातल्या पेशी एकदा गेल्या की नव्यानं तयार होत नाहीत. फारच कमी झाल्या तर कॉर्निया सुजतो, आणि ऑपरेशन होऊनही नजर धूसर ती धूसरच. त्या पेशींची मोजणी झालीय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एसआयसीएसमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करून गाभा अख्खा बाहेर काढतात. डोळ्यातल्या दाबानंच बोगदा मिटतो, त्यामुळे सहसा टाका लागत नाही. (दहा-बारा मिलिमीटरचा छेद आणि टाक्यांची रांग, ती खरी जुनी पद्धत.) चष्म्यात सिलिंडरचा नंबर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा) थोडा जास्त येऊ शकतो, नजर स्थिरावायला काही दिवस अधिक लागतात. आईच्या डोळ्यासाठी हा सौदा मला रास्त वाटतो.

लेसरबद्दल लोक बरंच ऐकीव बोलतात. पुष्कळदा फेकोलाच लेसर म्हटलं जातं. खरा फेम्टो लेसर छेद घेतो, भिंगाच्या पिशवीला गोल खिडकी पाडतो, गाभ्याला चिरा देतो. तुकडे काढायला पुन्हा फेकोचंच यंत्र लागतं. फेम्टो लेसर आणि साधा फेको यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांत नजरेच्या बाबतीत ठळक फरक दिसलेला नाही.

मी पद्धतीपेक्षा सर्जनचा हात कशावर बसलाय, ते आधी विचारेन. आणि उजवा डोळा स्थिरावला की डाव्याचं लांबवू नका. तो अजून मऊ असेल, तर तिथे फेको होऊ शकेल.