दालचिनीच्या पानाला लवंगेचा वास का येतो?

तुम्ही विचारलंय की इंदूरला गच्चीवर लावलेल्या दालचिनीचं पान चुरडलं तर लवंगेचा वास येतो. मग नर्सरीवाल्यानं भलतंच रोप दिलं, की पानातले आणि सालीतले जीनच वेगळे असतात?

एवढ्यावरून रोपाला खोटं ठरवू नका. सिलोनी दालचिनीच्या पानाच्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं, आणि लवंगेचा वासही युजेनॉलचाच. सालीच्या तेलात मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड. मुळांच्या सालीत तर चक्क कापूर!

जीन मात्र तिन्ही ठिकाणी तेच असतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. विद्यार्थी हमखास इथेच अडतात. रसायन वेगळं दिसलं की ते वेगळा जीन शोधायला लागतात. कलम केलेलं झाड असेल तर खुंटाचा डीएनए निराळा, एरवी मुळापासून शेंड्यापर्यंत एकच. कुठला जीन कुठे आणि किती चालतो, यावर सगळं ठरतं. जीन चालू झाला की त्याची नक्कल बनते, ती म्हणजे आरएनए. म्हणून संशोधक पान, साल, मूळ यांतला आरएनए वेगवेगळा काढून मोजतात. डीएनए सांगतो झाडाला काय काय करता येतं. त्या भागात प्रत्यक्षात काय चाललंय ते आरएनएवरून कळतं.

सालीतल्या आणि पानातल्या या रसायनांची सुरुवात एकाच अमिनो आम्लापासून होते, फिनाइलअ‍ॅलनिनपासून. त्याचं सिनॅमिक आम्ल होतं. सालीत त्यात थोडाच बदल होऊन सिनॅमाल्डिहाइड मिळतं. पानात प्रवास लांबतो: आधी कोनिफेरिल अल्कोहोल आणि त्यापासून युजेनॉल. हेच कोनिफेरिल अल्कोहोल लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनसाठीही लागतं, त्यामुळे निम्मी वाट झाडाच्या पायाखालचीच. मला हा भाग फार सुंदर वाटतो. कापूर या कुळातला नाहीच, तो टर्पीन नावाच्या दुसऱ्याच गटातला. त्याचा मार्ग पूर्ण वेगळा.

म्हणूनच सालीबद्दल वाचलेले औषधी गुण पानाच्या काढ्याला लावू नका.

सियागंज बाजारातून आणलेल्या सालीशी तुलना करत असाल तर तीही आधी नीट बघा. जाड, कडक, एकाच थराची गुंडाळी बहुधा कॅशियाची, म्हणजे दालचिनीच्याच दुसऱ्या जातीची असते. सिलोनीची साल पातळ, एकात एक गुंडाळलेली आणि सहज चुरणारी. कॅशियात कूमारिन, म्हणजे जास्त प्रमाणात यकृताला त्रासदायक ठरू शकणारं रसायनही बरंच जास्त असतं.

खात्री करायची तर पान सोडा, जरा जून फांदीची साल नखानं खरवडून हुंगा. कापूर शोधायला मुळं मात्र उकरू नका, कुंडीतलं रोप तेवढं सोसणार नाही.