वाचकांचे प्रश्न : भुंगेरे गोळा केले, तरी हुमणी तेवढीच कशी?

प्रश्न : सर, करवीर तालुक्यात आमचा ऊस हाय. गेल्या साली वळीव झाला तसं रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले, रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवून मारले. तरी ऑगस्टात बेटं उपटून बघितली तर हुमणी हाय तेवढीच. पोरगी विद्यापीठात मॅथ्स करत्या, ती म्हणते किडी किती वाढतील याचं गणिती मॉडेल असतंय. मॉडेलनं हुमणी मरत्या का?
— एक ऊस उत्पादक

उत्तर : मरत नाही दादा, पण तुमची मेहनत कुठं गेली ते मॉडेल नक्की सांगतं.

हुमणी म्हणजे याच भुंगेऱ्याची मातीत राहून मुळ्या खाणारी अळी, पण हिशोबाला तो एकच किडा नाही असं धरून चालायचं. अंडी, अळी, कोष, भुंगेरा, प्रत्येकाचं जगणं वेगळं, मरणंही वेगळं, म्हणून हिशोब टप्प्याटप्प्यानं करायचा. आकडे समजुतीसाठी धरतो, तुमच्या रानातले वेगळे असतील. समजा एक मादी ६० अंडी घालते, त्यातल्या ३० माद्या. निम्म्या अंड्यांतून अळ्या निघाल्या, अळ्यांतल्या शंभरात २० कोषापर्यंत टिकल्या, कोषांतले निम्मे भुंगेरे झाले आणि भुंगेऱ्यांतले शंभरात ८० अंडी घालेपर्यंत जगले. आता सगळ्याचा गुणाकार करा, ३० × ०.५ × ०.२ × ०.५ × ०.८ म्हणजे १.२. एका मादीमागं पुढच्या साली १.२ माद्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण असंच चाललं तर पाच वर्षांत अडीचपट होतात.

आता गंमत बघा. गुणाकार आहे म्हटल्यावर कुठल्याही टप्प्यात निम्मे मारले तर उत्तर निम्मंच होणार, अळी मारा नाहीतर भुंगेरा, कागदावर फरक शून्य. मग कृषी खात्यावाले भुंगेऱ्याच्याच मागं का लागतात? कारण कष्टाचा हिशोब वेगळा आहे. वरच्या आकड्यांत १० अळ्यांतून १ भुंगेरा निघतो, म्हणजे झाडावरचा एक भुंगेरा मारणं म्हणजे मातीतल्या १० अळ्या शोधून मारणं, आणि भुंगेरे वळवानंतर सांजेला आपल्या पायानं लिंबा-बाभळीवर येऊन बसतात, अळ्यांसाठी मात्र सगळं रान उकरावं लागतं. शिवाय अळी मोठी होऊन सापडेपर्यंत मुळ्या खाऊन झालेल्या असतात, त्या साली ऊस गेलाच. या हिशोबात सहातला एक भुंगेरा जास्तीचा मेला तरी वाढ थांबते.

मग तुमच्याकडं का थांबली नाही? मला दोन कारणं दिसतात. पहिलं साधं आहे. मॉडेलनं धरलंय की रान बंदिस्त आहे, पण भुंगेऱ्याला बांध कळत नाही राव. तुम्ही तुमची झाडं हलवली, शेजाऱ्यानं हलवली नाहीत, तर त्याच्या माद्या तुमच्या रानात येऊन अंडी घालणार. म्हणून हे काम गावानं मिळून करायचं असतं, एकट्यानं केलं तर निम्मं पाण्यात.

दुसरं कारण जास्त वाईट आणि त्याकडं कुणी फारसं बघत नाही. वर मी धरलं की अळ्यांतल्या शंभरात २० टिकतात, मग अळ्या शंभर असोत की हजार. खरं तसं नसतं. एका बेटाखाली फार दाटी झाली की मुळ्या पुरत नाहीत, अळ्या एकमेकींच्या आड येतात आणि बऱ्याच आपोआप मरतात. आता तुम्ही भुंगेरे कमी केले, अंडी कमी पडली, तर दाटीही कमी झाली आणि उरलेल्या अळ्या जास्त टिकल्या, म्हणजे तुम्ही मारलेले बरेचसे असेही मरणारच होते. पिकाला कीड फार असेल तेव्हा दाटीच्या आधीचं मारणं असं थोडंफार भरून निघतं, दाटीनंतरचं भरून निघत नाही. हे हवेतलं नाही बरं का. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावर अळी, कोष, प्रौढ असं तीन टप्प्यांचं मॉडेल आहे, त्यात हा किडा आपलीच अंडी नि कोष खातो तेही धरलंय. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की प्रौढांचं मरण आणि नवीन प्रौढ किती तयार होतात एवढंच हातानं बदललं तरी बरणीतली संख्या कधी स्थिर राहते, कधी वरखाली झुलते आणि कधी पूर्ण बेभरवशाची होते.

तेव्हा माझं मत असं की रान फार भरलेलं असेल तर भुंगेरे धरायचं सोडू नका, पण तेवढ्यावर विसंबू नका, पाऊस सुरू झाल्यावर अळ्या लहान असतानाच मेटारायझियम (किडींना रोग लावून मारणारी बुरशी) मुळाशी द्या. आणि पोरीला सांगा, ऑगस्टात ठरावीक बेटांखालच्या अळ्या मोजून वहीत लिही, दरसाली त्याच बेटांच्या आसपास. त्याशिवाय ०.२ हा आकडा खरा किती ते कळायचं कसं?

प्रश्न : लेस्ली मॅट्रिक्स आणि लेफ्कोविच मॅट्रिक्समध्ये नेमका फरक काय? परीक्षेपुरतं सांगा.
— एमएस्सीची विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : दोन्ही म्हणजे पुढच्या साली प्राण्यांची संख्या किती होईल ते काढायचे आकड्यांचे चौकोनी तक्ते. परीक्षेपुरतं म्हणजे, लेस्लीत वयाचे गट असतात (१९४५), लेफ्कोविचमध्ये टप्प्यांचे (१९६५). लेस्लीत दरवर्षी जो जगला तो एक पायरी वर गेलाच पाहिजे, म्हणून वरच्या ओळीत जन्म, कर्णाच्या खाली जगण्याचे आकडे, बाकी शून्य. लेफ्कोविचमध्ये जगून त्याच टप्प्यात राहता येतं, म्हणून कर्णावरही आकडे येतात. लेफ्कोविच साठवलेल्या तंबाखूतल्या किड्यावर काम करत होता, निपाणीकरांना हे ऐकून बरं वाटेल.

टप्पे का घ्यायचे ते समुद्री कासवावरून कळतं. कासवाचं वय कळत नाही, आकार मोजता येतो. क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या लॉगरहेड कासवाचे सात टप्पे करून मॅट्रिक्स मांडली. संख्या वर्षाला साधारण ५ टक्क्यांनी घटत होती. तोवर सगळा जोर किनाऱ्यावरची अंडी जपण्यावर होता, पण गणित म्हणालं की एकही अंडं वाया गेलं नाही तरी घट थांबत नाही, मोठी पण अजून वयात न आलेली कासवं कोळंबीच्या जाळ्यात मरतात ती वाचवा. त्यासाठी जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी जाळी बसवायची असते. रत्नागिरीतल्या वेळासला कासवाची अंडी जपणाऱ्यांचं काम यानं फुकट ठरत नाही हं, अंडीच चोरीला गेली तर पुढचे टप्पे येणार कुठून. पेपरात आयगेनव्हॅल्यू (संख्या दरसाली कितीपट होते तो आकडा) काढून सोडून देऊ नको, कुठल्या आकड्याला धक्का लावला की ती सगळ्यात जास्त हलते ते काढ, अर्धे मार्क तिथंच आहेत.