राउटर बदलण्याआधी त्याचा 'अपटाइम' वाचा

वाचकांचे प्रश्न : घरचं वायफाय

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : नेट मध्येच जातं, नवा राउटर कोणता घेऊ? खरेदीचा सल्ला आम्ही सध्या बाजूला ठेवला आहे. दोष विजेचा आहे, बाहेरून येणाऱ्या लाइनचा की घरातल्या वायफायचा, हे ठरल्याशिवाय घेतलेला नवा राउटर तीच तक्रार पुढे चालवतो.

प्रश्न : संध्याकाळी सातनंतर नेट तीन-चार वेळा जातं आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन 'लाइन ओके आहे' म्हणून गेला. राउटर चार वर्षं जुना आहे. बदलावा का? – एक वाचक, बदलापूर

'दोन-तीन मिनिटांनी येतं' हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. राउटर बंद पडून पहिल्यापासून सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे लाइन खरंच ठीक असू शकते आणि राउटरच मध्ये मान टाकत असेल. याची खात्री घरबसल्या होते.

राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि शेजारी लॉगिनचं नाव व पासवर्ड. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून आत जा आणि 'स्टेटस'चं पान उघडा. तिथे दोन आकडे शोधायचे. एक 'सिस्टिम अपटाइम', म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे. दुसरा 'वॅन'च्या किंवा 'पीपीपीओई'च्या रकान्यातला वेळ, म्हणजे कंपनीशी जोडणी किती वेळ टिकून आहे. काही मॉडेलांत हा दुसरा आकडा 'इंटरनेट' या नावाखाली असतो.

नेट जाऊन परत आलं की लगेच हे पान बघा. पहिला आकडा तीन-चार मिनिटांचा दिसला, तर राउटर स्वतः बंद पडून उठला आहे : दोष विजेचा किंवा उष्णतेचा. पहिला नऊ दिवसांचा आणि दुसरा चार मिनिटांचा असेल, तर लाइन तुटली होती. या पानाचा स्क्रीनशॉट वेळेसह कंपनीला पाठवा, मग 'लाइन ओके' म्हणणं अवघड जातं. दोन्ही आकडे मोठे असूनही फोनवर नेट नव्हतं, तर मामला बहुधा वायफायचा.

तुमच्या बाबतीत आमचा संशय अ‍ॅडॉप्टरवर आहे. त्याच्या आतले कपॅसिटर वर्षानुवर्षं उष्णतेत राहून सुकतात. दिवसा भार कमी असतो तेव्हा तो तग धरतो. संध्याकाळी टीव्ही, तीन फोन आणि लॅपटॉप एकदम सुरू झाले की राउटर जास्त करंट ओढतो, १२ व्होल्टचा दाब क्षणभर खाली बसतो आणि राउटर बंद होऊन पुन्हा उठतो. मल्टिमीटर लावला तर अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट नीट दाखवतो, कारण तेव्हा त्याच्यावर भारच नसतो. त्यामुळे इथे मीटरवर विसंबू नका. दुसरा अ‍ॅडॉप्टर दोन संध्याकाळी लावून बघणं हीच खरी परीक्षा.

दुसरा आणताना जुन्यावरचं 'आउटपुट' वाचून घ्या. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला तर राउटर जळू शकतो. अ‍ॅम्पियर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात : १ अ‍ॅम्पियरच्या जागी दीड किंवा दोन लावले तरी राउटर हवा तेवढाच करंट घेतो. पिनची जाडी आणि मधल्या टोकाची अधिक-उणे खूणही जुळवून घ्या. ढिली पिन हलली तरी राउटर बंद पडतो, म्हणून जोडल्यावर हलकेच हलवून पाहा.

आणि दोष वायफायचाच निघाला तर? सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी असते. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. फोनवर वायफाय अ‍ॅनलायझर हे आसपासचे सिग्नल दाखवणारं अ‍ॅप टाकून त्यातला सर्वांत मोकळा निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. '३ किंवा ४ वर कोणी नाही' म्हणून तिथे जाऊ नका. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांना ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरून मात्र नुसता गोंगाट येतो. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर हलवलेत तर निम्मी गर्दी तिथेच संपते.

प्रश्न : आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे. राउटर ओटीवर आहे. माजघरात नेट रडतखडत चालतं, मागच्या खोलीत अजिबात नाही. रिपीटर लावला, फरक पडला नाही. – एक वाचक, राजापूर तालुका

तुमचा रिपीटर बहुधा मागच्या खोलीतच लावलेला असावा. जिथे सिग्नल पोचतच नाही, तिथे रिपीटर पुढे काय पाठवणार? तो अशा जागी हवा जिथे मूळ सिग्नल अजून चांगला आहे. अ‍ॅनलायझरमध्ये सिग्नलचा जोर डीबीएममध्ये, उणे चिन्हासह दिसतो : उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० म्हणजे जोडणी नावापुरती. रिपीटरच्या जागी उणे ६० च्या आसपास मिळायला हवं. शिवाय एकच बँड (म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ) असलेला रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

चिऱ्याच्या जाड भिंतीला आमच्या मते खरा उपाय केबलचाच. पावसाळ्यात चिरा पाणी धरतो आणि ओली भिंत लहरी आणखी शोषते. त्यातही ५ गिगाहर्ट्झ आधी दम तोडतो. कॅट-६ केबल ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत आढ्याच्या वाशांवरून किंवा दाराच्या चौकटीच्या कडेने न्या. १०० मीटरपर्यंत चालते. उन्हापावसात येणार असेल तर काळ्या जाड आवरणाची बाहेरच्या वापराची घ्या, कारण साधी केबल उन्हात तडकते.

मागच्या टोकाला जुना पडून असलेला राउटर चालेल. तो मुख्य राउटरला जोडण्याआधी लॅपटॉपला लावून आत जा आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर). मग त्यातलं 'डीएचसीपी सर्व्हर' बंद करा. हे राहून गेलं तर दोन्ही राउटर घरातल्या फोनना पत्ते वाटू लागतात आणि कधी नेट चालतं, कधी नाही, असा छळ सुरू होतो. केबल दोन्हीकडे 'लॅन' छिद्रातच घाला. दुसऱ्या राउटरचं 'वॅन' छिद्र रिकामं राहू द्या. 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तो निवडा, ही कामं तो स्वतः करतो आणि केबल कोणत्या छिद्रात घालायची तेही तिथेच दिलेलं असतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. चॅनेल मात्र वेगळा : ओटीवर १, मागे ११.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की अ‍ॅडॉप्टरबरोबर ही केबलही काढून ठेवा. तांब्याच्या तारेतून आलेला झटका राउटरचं छिद्र जाळतो. फायबर काचेची, तिच्यातून झटका येत नाही.

प्रश्न : २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. लॅपटॉप केबलने जोडूनही वेग ९४ च्या वर जात नाही. कंपनी फसवते आहे का? – एक वाचक, पिंपरी

९४ हा आकडा पाहूनच बोट केबलकडे जातं. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात तेवढाच वेग हाती येतो. केबलमध्ये आठ तारा असतात. नारंगी आणि हिरव्या जोड्या शाबूत असतील तर १०० चालतं. त्यापुढे जायला निळी आणि तपकिरी जोडीही लागते. त्यातली एक तार क्लिपमध्ये नीट बसली नसली तर दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर उतरतात.

आधी दुसरी केबल लावून पाहा. फरक पडला तर जुन्या केबलची दोन्ही टोकं कापून नव्या आरजे-४५ क्लिपा क्रिम्प करून घ्या. क्रम असा : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. फरक पडलाच नाही, तर राउटरची किंवा लॅपटॉपची छिद्रंच १०० ची आहेत का ते तपासा. स्वस्त राउटरमध्ये ती तशी असतात.

प्रश्न : कपाट हलवल्यापासून फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागतो आहे. – एक वाचक, सांगली

फायबरमधला उजेड डब्यापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. कपाटामागे पिवळी किंवा पांढरी बारीक तार दबली आहे का पाहा. ती काटकोनात मुडपली की उजेड वळणावरच बाहेर निसटतो. तार सैल करून तळहाताएवढ्या वेटोळ्यात ठेवा. हिरवी क्लिप 'टक्' आवाज होईपर्यंत आत सरकवा. काढलीत तर तिच्या टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका आणि टोकाकडे डोळा लावून तर मुळीच पाहू नका : आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. एवढं करूनही दिवा लालच राहिला तर तार बहुधा आतून मोडली आहे. ती जोडण्याचं काम कंपनीचं.

दुरुस्तीनंतर स्टेटसच्या पानावरचा 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाचा डीबीएममधला आकडा, लिहून डब्यावर चिकटवा. उणे १५ ते उणे २५ हा सुखाचा पट्टा. उणे २७ च्या खाली घसरला की नेट तुटू लागतं. ३ ने घसरण म्हणजे उजेड निम्मा.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी वायफाय मरगळतं, रात्री ठीक होतं. – एक वाचक, अकोला

बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि तुमच्याकडे मे महिन्यात खोलीतच तेवढं तापतं. सेट-टॉप बॉक्सवर ठेवला असेल तर खालून शेक, वर विणलेला रुमाल घातला असेल तर वरून कोंडमारा. रुमाल काढा, राउटर भिंतीवर पाच-सहा फुटांवर टांगा, झरोके ब्रशने झाडा. टीव्हीच्या कपाटात तर ठेवूच नका.

प्रश्न : इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की नेट जातं. – एक वाचक, नाशिक

राउटरचे दिवे विझून पुन्हा लागतात का, ते पाहा. लागत असतील तर इन्व्हर्टर बदली करायला वेळ घेतो आहे. त्याच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असेल तर 'यूपीएस'वर करा. नाहीतर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, त्याचे अ‍ॅम्पियर जुळवून. दिवे विझतच नसतील आणि तुमची जोडणी जिन्यातल्या डब्यातून लॅन केबलने आली असेल, तर तो डबा लाइट गेल्यावर बंद पडतो आहे. त्याला बॅटरी बसवायला कंपनीला सांगा.

प्रश्न : नेट गेलं की मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट करावं का? – एक वाचक, फोंडा

नाही. दहा सेकंद दाबलं की कंपनीने भरलेलं पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि बाकीची मांडणी पुसली जाते आणि माणूस येईपर्यंत नेट बंद. अ‍ॅडॉप्टर काढून तीस सेकंदांनी परत लावा, तेवढं पुरतं. तरीही रिसेट करायची वेळ आलीच, तर आधी वॅनच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि पीपीपीओईचा पासवर्ड कंपनीकडून लिहून घ्या. त्या पानावर तो ठिपक्यांतच दिसतो.