चर्चखालच्या जागेला 'तळघर' म्हणावे काय?

लातूरच्या एका वाचक भगिनींनी दोन प्रश्न विचारले आहेत. मुलाकडे लंडनला गेल्या असता त्यांनी फ्लीट स्ट्रीटवरचे सेंट ब्राइड्स हे चर्च पाहिले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात आतून जळून गेलेले हे चर्च पुन्हा उभारण्यात आले असून, त्याच्या फरशीखाली, जिना उतरून जाता येईल अशा दालनांत, एके काळी माणसे पुरली जात असत. परत आल्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहायला घेतले आणि 'आम्ही चर्चच्या तळघरात उतरलो' हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवले. तेव्हा सासूबाईंनी विचारले, "तळघरात काय भरून ठेवतात ते लोक?" इंग्रजीत ज्याला 'क्रिप्ट' म्हणतात त्या जागेला मराठीत काय म्हणावे आणि अशा चर्चचा 'जीर्णोद्धार' झाला असे लिहावे काय, हे त्यांचे प्रश्न आहेत.

सासूबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्यांनी शब्दाचा अर्थ अगदी बरोबर सांगितला आहे. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत जमिनीखाली किंवा भिंतीच्या पोटात जे काही असे, ते साठवणीसाठी असे. भिंतीतले बळद, अंगणातले वा गावाबाहेरचे पेव आणि माजघराखालचे तळघर ही सगळी धान्याची घरे. आमच्या आजोळी तळघराचे दार म्हणजे माजघराच्या जमिनीत बसवलेली एक जड फळी होती. ती उचलली की जुन्या ज्वारीचा कोंदट, किंचित आंबूस वास वर येई. पेव उघडल्यावर तर आत कोणी लगेच उतरत नसे. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत तोंड उघडे ठेवावे लागे, कारण तिने माणूस गुदमरून दगावल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात होत्या. जे तळघरात उतरवायचे ते पुढेमागे वर काढण्यासाठीच, अशी आपली समजूत असल्यामुळे नुसत्या 'तळघर' शब्दाने वाचकाला प्रेते आठवत नाहीत, पोती आठवतात.

मग 'भुयार' चालेल काय? व्युत्पत्ती पाहिली तर हा शब्द पहिल्या क्रमांकावर यायला हवा. तो संस्कृत 'भूमिगृह' पासून आला असे मानले जाते, आणि गुजरातीत त्याचेच भावंड असलेले 'भोंयरुं' आजही तळघराच्या अर्थाने वापरतात. मराठीत मात्र घर मागे पडले आणि वाट उरली. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी दाखवताना आपण तिला भुयार म्हणतो, कारण तिच्यात एकीकडून शिरायचे आणि दुसरीकडून निघायचे असते. औंढा नागनाथला गाभारा जमिनीखाली आहे आणि अरुंद पायऱ्या उतरून, अंग चोरून आत जावे लागते. तिथे 'भुयारात जाऊन दर्शन घेतले' असे म्हणणारे भाविक भेटतात, तेवढ्यापुरता जुना अर्थ जिवंत आहे. पण नगरपालिकांच्या भुयारी गटार योजनांनी गेल्या काही वर्षांत या शब्दाची जी अवस्था केली आहे, ती पाहता चर्चच्या वर्णनात तो न आणलेला बरा.

'समाधी' हा पर्याय अनेकांना सुचेल, विशेषतः लातूर-नांदेडकडच्या वाचकांना, कारण तिकडच्या लिंगायत समाजात मृताला बसवून पुरण्याची रीत आहे आणि त्या विधीला व त्या जागेलाही समाधी म्हणतात. तरीही या शब्दात व्यक्तीची योग्यता गृहीत धरलेली असते. शिवाय ती एकाची असते. एकनाथांच्या पैठणमध्ये वाढलेल्या माणसाला 'दोनशे जणांची समाधी' हा प्रयोग कानाला खुपल्याशिवाय राहणार नाही. फ्लीट स्ट्रीटच्या त्या चर्चखाली आसपासच्या वस्तीतली साधी कुटुंबे पुरलेली होती.

आपल्या प्रदेशाने या कल्पनेच्या सर्वांत जवळचा शब्द फारसीकडून घेतला आहे. 'तहखाना' म्हणजे शब्दशः तळघरच: तह म्हणजे तळ आणि खाना म्हणजे घर. मोगल मकबऱ्यांच्या संदर्भात मात्र तो खालच्या खऱ्या कबरीच्या खोलीसाठी वापरला जातो. ताजमहालात वरच्या दालनात दिसतात त्या दाखवण्याच्या कबरी. खऱ्या कबरी खालच्या खोलीत आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात रचना वेगळी आहे. तिथे वरच्या दालनाच्या मधोमध जमीनच उघडी ठेवली आहे, आणि कठड्यावरून वाकून पाहिले की खाली, संगमरवरी जाळीच्या अष्टकोनी कुंपणात, दिलरस बानू बेगमची कबर दिसते. चादरीवर पडलेली नाणी आणि नोटाही दिसतात. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही सगळे त्या कठड्याला ओळीने लोंबकळलो होतो, आणि खाली उतरायला का मिळत नाही, याचीच चर्चा परतीच्या गाडीत झाली. कबर खाली आणि माणसे वर, ही मांडणी आपल्याकडच्या वाचकाने पाहिलेली आहे, ही गोष्ट ताईंच्या लेखनाला उपयोगी पडेल. एवढे असूनही लंडनच्या चर्चला 'तहखाना' हा शब्द मी लावणार नाही. त्याबरोबर घुमट, जाळी आणि चादर हे सगळे नकळत येते.

मराठी ख्रिस्ती समाज काय म्हणतो, हे खरे तर आधी विचारायला हवे होते. त्यांच्या बोलण्यात कबर, कबरस्तान, दफनभूमी, मयत, शवपेटी हे शब्द रुळलेले आहेत, पण चर्चखालच्या कबरींसाठी वेगळा शब्द माझ्या कानांवर कधी आलेला नाही. त्याचे कारण इतिहासात सापडते. मराठवाड्यात मिशनचे काम उभे राहिले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल ही वस्ती वसवली तीही याच काळात. तोपर्यंत लंडनमध्येच चर्चखाली पुरणे बंद झाले होते: पटकीच्या साथी आणि भरून वाहणाऱ्या दफनभूमी यांमुळे १८५० च्या दशकात तिथल्या कायद्याने शहरातली दफने थांबवली. आपल्याकडच्या चर्चांची दफनभूमी म्हणूनच सहसा स्वतंत्र, उघड्यावर आणि झाडांखाली असते. वस्तूच आली नाही, तेव्हा शब्द कुठून येणार?

मूळ शब्द तसाच ठेवावा, असे कोणी म्हणेल. 'क्रिप्ट'चे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'दडवलेले' असा आहे. म्हणजे अर्थाने तो आपल्या 'गुप्त'चा सोबती ठरतो. मृत्यूचा त्याच्याशी मुळात काही संबंध नाही, तो पुढे वापराने जोडला गेला. अडचण वेगळीच आहे. 'आम्ही क्रिप्टमध्ये उतरलो' असे छापले तर आजचा निम्मा वाचक ताईंनी आभासी चलनात पैसे घातले असे समजेल, आणि उरलेला निम्मा ते बुडाले असे समजेल.

माझ्या मते पहिल्या उल्लेखाला 'चर्चखालचे कबरींचे तळघर' असे लिहावे आणि पुढे सर्वत्र नुसते 'तळघर' म्हणावे. एकदा षष्ठीने काम केले की पोती वाचकाच्या डोळ्यांसमोरून जातात. 'कबरखाना' हा सुटसुटीत शब्दही मी तोलून पाहिला. त्याला माझी हरकत अशी की, अशा जागांचा उपयोग बदलत जातो. सेंट ब्राइड्सच्या तळघरात आता प्रदर्शन आहे, आणि ट्रफाल्गर चौकाजवळच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सच्या तळघरात तर उपाहारगृह आहे, जिथे पायांखालच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा दिसतात. 'कबरखान्यात चहा घेतला' हे वाक्य मराठीत भयकथेचे होते. जागा सांगणारा शब्द असा बदल सोसतो. आणखी एक बारकावा असा की, या तळघरांत प्रत्येकासाठी जमिनीत खड्डा खणलेला असेच असे नाही. विटांच्या कमानींखाली शवपेट्या एकावर एक रचून ठेवत. तिथल्या प्रदर्शनात एक लोखंडी शवपेटी आहे, ती प्रेतचोरांच्या भीतीने बनवलेली. त्या काळी शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रेतांना पैसे मिळत, म्हणून ती चोरली जात. तेव्हा वर्णन करताना 'पुरले' आणि 'ठेवले' ही क्रियापदे जागा पाहून वापरावीत.

'जीर्णोद्धारा'चे उत्तर थोडक्यात देता येते. जे काळाने झिजले, ते जीर्ण. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांनी आणि पुढे होळकर घराण्याने केला, असे आपण म्हणतो ते यथार्थ आहे. सेंट ब्राइड्स मात्र झिजले नव्हते. १६६६ च्या आगीनंतर क्रिस्टोफर रेनने बांधलेली ती वास्तू २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जळाली, मनोरा तेवढा उभा राहिला, आणि १९५७ मध्ये चर्च पुन्हा खुले झाले. याला 'पुनर्बांधणी' म्हणावे. मधल्या काळात तिथे उत्खनन झाले आणि बंद करून विसरलेली दफनाची दालने व त्यांच्याही खाली रोमन काळातील अवशेष सापडले. त्या भागापुरते 'जतन' लिहावे.

तेव्हा ताईंचे वाक्य असे होईल: 'पुनर्बांधणी झालेल्या त्या चर्चखालच्या कबरींच्या तळघरात आम्ही उतरलो.' ते सासूबाईंना पुन्हा वाचून दाखवावे, आणि त्यांनी आणखी काही विचारले तर तेही मला अवश्य कळवावे.