टीव्हीमागच्या एलईडीसाठी हायपेरियन बरं की रेडिमेड किट?

तुमचा ५५ इंची टीव्ही आहे, स्क्रीनवर जे रंग येतात तेच मागच्या भिंतीवर पाडायचेत आणि हायपेरियनसारख्या, स्क्रीनचे रंग वाचून पट्टीला पाठवणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर विसंबावं का असं विचारलंय. विसंबा. बिनधास्त.

हाच प्रश्न आमच्या दाजींनी विचारला होता. म्हणजे विचारला कसला, निकालच दिला, "फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली कोण? बिघडलं तर फोन कुणाला करणार?" आणि एका कंपनीचं महागडं किट आणलं. अ‍ॅप, लॉगिन, सगळं त्यांच्या सर्व्हरवर. काही काळाने कंपनीने सर्व्हरच गुंडाळला, लॉगिन होईना आणि ऐन दिवाळीत टीव्हीमागे एकच जांभळा रंग अडकून बसला. फोन केला, कुणी उचलेना. ताईने मला बोलावलं.

पट्टी बघितली तर साधी तीन वायरची, पाच व्होल्टची, डब्ल्यूएस२८१२बी नावाची एलईडी पट्टी, बाजारात मिळते तीच. कंपनीचा डबा काढून ईएसपी३२ हा छोटा वायफाय बोर्ड लावला, त्यात पट्टी चालवणारं डब्ल्यूएलईडी हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर हायपरएचडीआर. हे हायपेरियनमधूनच फुटून निघालंय, पण एचडीआर (जास्त उजेड-रंगांच्या) पिक्चरचे रंग फिके पडतात ते हे नीट सांभाळतं. चालू झालं, पण स्क्रीन पांढरी झाली की पट्टीचं सुरुवातीचं टोक पांढरं आणि शेवटचं पिवळट. दाजी लगेच, "बघ, फुकटचं!" अहो सॉफ्टवेअरचा काय संबंध, पुढे जाता जाता व्होल्टेज पडतं आणि निळा आधी दम तोडतो. दुसऱ्या टोकालाही पॉवरची वायर जोडली, पिवळेपणा गेला.

तर पैसे पॉवर सप्लायवर घाला. ५५ इंचाला चारी बाजूंनी पावणेचार-चार मीटर पट्टी, मीटरला ६० एलईडी धरले तर सव्वादोनशेच्या वर, एकेकाला फुल पांढऱ्यात ६० मिलिअँपियर, म्हणजे साडेतेरा अँपियर. मोबाईलच्या चार्जरवर हे चालवायला जाऊ नका. डब्ल्यूएलईडीमध्ये करंटची मर्यादा घालता येते, ती घालाच. हायपेरियन की प्रिझमॅटिक (असंच दुसरं फुकटचं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवरच चालणारं) म्हणाल तर फक्त कॉम्प्युटरची स्क्रीन असेल तर प्रिझमॅटिक पुरे, बाकी हायपेरियन नाहीतर हायपरएचडीआर.

हां, एक राहिलंच, आणि हे आधी सांगायला हवं होतं. टीव्हीमधल्याच अ‍ॅपवर बघत असाल तर ही जोडणी चालणार नाही, कारण ते चित्र एचडीएमआयमधून बाहेर येतच नाही. बाहेरची स्टिक किंवा सेट टॉप बॉक्स लागतो, मग एचडीएमआयचं चित्र दोन वाटांनी पाठवणारा स्प्लिटर, मग त्यातली एक वाट रास्पबेरी पायपर्यंत नेणारा यूएसबी ग्रॅबर. दाजींनी शेवटी स्टिक घेतली. माझं ऐकून नाही, भाचीने हट्ट धरला म्हणून. पाहुण्यांना मात्र अजून सांगतात, कंपनीचं किट आहे.