हौदापासून सुरुवात कर

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला शेवाळ घ्यायचं म्हणतेस आणि घरचे म्हणतात, "घाणीचा कसला अभ्यास?" आजीनं जन्मभर ढोरांच्या हौदातून जे खरवडून फेकलं, तोच तुझा विषय, त्यांना नवल वाटणारच. तरी तू हाच विषय घे.

शेवाळ हे एका कुळाचं नाव नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. हौदातला हिरवा गुंता चिमटीत धर. रेशमासारखा निसटला तर बहुधा स्पायरोगायरा, खरखरीत लागला तर क्लॅडोफोरा. स्पायरोगायराचा एक धागा काचपट्टीवर ठेव. नळीसारख्या एकेका पेशीत हिरवी फीत मळसूत्रासारखी फिरत गेलेली दिसेल. ते पाहिल्यावर तुला कुणाला पटवत बसावं लागणार नाही. हा धागा बांधावरच्या झाडाझुडपांचा जवळचा नातलग. गोदावरीच्या दगडांवरचा तपकिरी बुळबुळीत थर मात्र डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळांचा. त्यांची कवचं सिलिकाची, डबी आणि झाकणासारखी एकात एक बसलेली. त्यांचं घराणंच निराळं.

याच घराण्याची एक शाखा आपल्या रानात आहे, आणि तिच्याकडे तू नीट बघावंस असं मला मनापासून वाटतं. बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा येतात, त्याला आपल्याकडे गोसावी म्हणतात. तो रोग आणणारा जीव याच शाखेतला; द्राक्षावरच्या डाऊनी, म्हणजे केवडा रोगाचाही तिकडचाच. मी कित्येक वर्षं वर्गात त्यांना बुरशी म्हणूनच शिकवलं, कारण पुस्तकात तसं होतं. पण खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते, यांची मुख्यतः सेल्युलोजची आणि ग्लुकनची. हा भेद फक्त परीक्षेपुरता नाही. बुरशीवर चालणारं कार्बेन्डाझिम यांच्यावर चालत नाही. बाजरीच्या बियाण्याला मेटॅलॅक्झिल चोळतात ते म्हणूनच. नातं चुकीचं ओळखलं की शेतकऱ्याचे औषधाचे पैसे मातीत जातात.

उन्हाळ्यात शेततळ्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय धरते, तिथे जपून. ती बहुधा मायक्रोसिस्टिसची असते. तो जीवाणू आहे, त्याचे काही प्रकार यकृताला घातक विष तयार करतात. खत वाहून येतं, पाणी तापतं, हलत नाही, की तो फोफावतो. नमुना हातमोजे घालूनच घे आणि ढोरांना ते पाणी पाजू देऊ नकोस. घाईनं मोरचूद टाकू नका, असंही गावात सांग. पेशी एकदम फुटल्या की आतलं विष पाण्यात उतरतं. पण त्याच्या गोतावळ्याला नुसतं वाईट ठरवू नकोस. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला तो याच निळ्या-हिरव्या जीवाणूंमुळे. आजही पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भाग समुद्रातले असले तरंगते जीव करतात.

सुरुवातीलाच जायकवाडीला धावू नकोस. तुमचा हौद, गावची बारव, एक शेततळं, एवढंच घे. पण वर्षभर, दर पंधरा दिवसांनी. बाटली अर्धीच भर, सावलीत ठेव, चिठ्ठी पेन्सिलीनं लिही, शाई पसरते. पाण्याचं तापमान तिथेच मोजून टिपून ठेव. नाव ओळखता आलं नाही तर चित्र काढ, अंदाजानं नाव टाकू नकोस.

रविवारी सवड काढून ये. गोसावी आलेलं एक कणीस मी वर्तमानपत्रात दाबून ठेवलंय. येताना हौदाचं पाणी आण.

तुझे,
सर